बाबांचं भाषण

बाबांचं तोंड सुरू झालं की घरात दुसऱ्या कुणाला बोलायची सोय नसायची. आईचं वाक्य तर कधी ‘अहो’च्या पुढे गेलंच नाही.

बाबा गेले, त्यांच्या मागोमाग टीव्हीही गेला. उरली ती त्यांच्या निरोप समारंभातल्या भाषणाची कॅसेट. आईला एकदा तरी बाबांचा आवाज ऐकवायचाच, असा चंग बांधून लेकाने जुना व्हीसीआर कॉम्प्युटरच्या मॉनिटरला जोडायला घेतला. वायरींच्या गुंत्यात सकाळ गेली आणि अखेर पडद्यावर बाबा उगवले. बोट वर, तोंडाचा पट्टा चालू. आवाज मात्र काही केल्या येईना. शेवटी लेकाने कपाळाला हात लावला. मॉनिटरला स्पीकरच नव्हता.

“थांब आई, शेजारून स्पीकर घेऊन येतो.”

“खबरदार जागचा हललास तर!” आईने खुर्ची मॉनिटरच्या पुढ्यात ओढली, चष्मा नीट केला आणि बाबांच्या डोळ्याला डोळा भिडवला. “अहो, तो हिरवा सोफा मला पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता.”

बाबा हातवारे करत राहिले. आई बोलत राहिली.

कॅसेट संपली तसा लेक वायरी काढायला उठला.

“रिवाइंड कर,” आई म्हणाली. “माझं अजून संपलेलं नाही.”