सातव्या किलोमीटरचं औषध

“आजोबा, आपल्या औषधाचं नाव काय लिहू?”

भिंगरीने पेनाचं टोपण दातांत धरून विचारलं आणि आजोबा फॉर्मवर वाकले. नाव, वय, शाळा, सगळं तिने भराभरा लिहून टाकलं होतं. फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात मात्र छापलं होतं: ‘गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधे.’

“सगळं लिही हं बाळा,” टेबलामागच्या बाई म्हणाल्या. “खोकल्याची गोळी घेतली असेल तरी लिही. खोटं सापडलं तर थेट बाद.”

“खोकल्याची नाही हो, माझं ताकदीचं औषध आहे! आजोबा स्वतः बनवतात. कंपाउंडर होते ते!” भिंगरीने अख्ख्या तंबूला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. दहा किलोमीटरची निवड शर्यत वीस मिनिटांवर आली होती. पहिल्या सहाजणी संघात जाणार होत्या. आणि या पोरीला जाहिराती सुचत होत्या.

भिंगरीचं दुखणं विचित्र होतं. सहा किलोमीटरपर्यंत ती नावाला जागायची. सातवा लागला की पायांचं शिसं व्हायचं. डॉक्टरांनी पुढून, मागून, उभी, आडवी तपासून सांगितलं, पोरगी ठणठणीत आहे. मग आजोबांनी माळ्यावरून जुनी बाटली काढली. तिच्यात पाणी भरलं आणि गुलाबी रंग टाकला. पण गोड औषधावर पेशंटचा विश्वास बसत नाही, हे ते दवाखान्याच्या खिडकीत चाळीस वर्षं उभं राहून शिकले होते. म्हणून त्यात भिजवलेल्या मेथीचं पाणी घातलं, चांगलं तोंड वाकडं होईल इतकं. डोसाच्या खुणांची कागदी पट्टी कातरून बाटलीला चिकटवली. “शर्यतीआधी एकच खूण. जास्त नाही!” असं डोळे वटारून बजावलं. ‘जास्त नाही’ हा त्या औषधातला सगळ्यात जालीम भाग होता.

त्यानंतर तीन शर्यती झाल्या. तिन्हींत सातवा किलोमीटर आला आणि मुकाट्याने निघून गेला. तिन्ही भिंगरीने जिंकल्या.

आता काय करायचं? काहीतरी भारदस्त नाव ठोकून द्यावं, तर पोरगी बाद. खरं सांगावं, तर पुन्हा शिसं.

“आजोबा, पटकन! एवढं अवघड आहे का नाव?”

आजोबांनी तिला दंडाला धरून तंबूच्या कोपऱ्यात नेलं.

“भिंगरे, ते औषध नाहीये गं. पाणी आहे. रंग आणि मेथी.”

भिंगरीने दातांतलं टोपण काढलं.

“ताकदीचं काहीच नाही?”

“नाही.”

“चिमूटभरसुद्धा?”

“चिमूटभरसुद्धा.”

ती वळली. टेबलापाशी जाऊन रकान्यात तिने लिहिलं: पाणी, खायचा रंग, मेथी. बाईंनी चष्म्यावरून एकदा तिच्याकडे, एकदा आजोबांकडे पाहिलं आणि शिक्का मारला. भिंगरी परत आली आणि तिने हात पुढे केला.

“बाटली.”

“अगं, आत्ताच सांगितलं ना…”

“कळलं हो! पण हे न पिता मी आजवर एकतरी शर्यत जिंकलेय का?”

तिने बाटली हलवली, डोळ्यांसमोर धरून खूण बघितली आणि बरोबर तेवढंच प्यायली. “ईऽ! मेथी! आणि मी समजत होते कुठल्या तरी जंगलातली मुळी असेल!” बाटली त्यांच्या हातात कोंबून ती पळाली.

आजोबांचं मन मात्र काही थाऱ्यावर येईना. तोंडाने ‘काही नाही होत हो’ म्हणणारे आणि जिन्यात मटकन बसणारे पेशंट त्यांनी ढिगाने पाहिले होते. ते सातव्या किलोमीटरच्या फलकापाशी, पाणी वाटणाऱ्या मावशींच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

पहिली मुलगी आली. दुसरी आली. मग तिघी एकदम आल्या. मग वळण रिकामं झालं.

आजोबांची जीभ कोरडी पडली. छातीत कुणी मुसळ घालावं तसं धडधडू लागलं, गुडघे लटपटायला लागले. आपणच पोरीचे पाय काढून घेतले, अगदी शर्यतीच्या तोंडावर. ते फुटपाथच्या कडेवर टेकले. हात आपोआप पिशवीत गेला. आजूबाजूला कुणी बघत नाहीसं पाहून त्यांनी बाटली हलवली आणि एक खूण घोटली. तोंड वाकडं झालं. धडधड बसली. गुडघे ताळ्यावर आले. आजोबा उठून ताठ उभे राहिले.

“बरं वाटत नव्हतं का?” मावशींनी विचारलं.

“आता एकदम छान वाटतंय,” ते म्हणाले.

म्हणाले आणि चमकले. वळण अजून रिकामंच होतं. बाटलीत काय आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? आजोबांना असं काही हसू फुटलं की मावशी दोन पावलं मागे सरकल्या.

तेवढ्यात वळणावर एक मुलगी दिसली आणि तिच्या मागे हातभर अंतरावर भिंगरी. गाल लालबुंद, वेणी सुटलेली, पाय मात्र हलके. तिने आजोबांना पाहिलं. त्यांच्या हातातली उघडी बाटली पाहिली. त्यांच्या मिशांवरचा गुलाबी रंग पाहिला. सातव्या किलोमीटरला तिच्याकडे हसण्याइतका दम होता. हसत हसतच तिने पुढचीला मागे टाकलं आणि वळून ओरडली,

“आजोबा, आला ना गुण?”