मेलेला माल

तिने पाना टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"या लॉटला मी हात लावणार नाही."

समोर इलेक्ट्रिक गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या रांगेने मांडलेल्या होत्या, आतली वीज काढून घेतलेल्या. आता त्यांचे सेल सुटे करायचे, एवढंच काम उरलं होतं. पण वीज काढली तरी सेल सुटे होईपर्यंत बॅटरीच्या दोन टोकांवर तांब्याची पट्टी आवळून ठेवायची, हा इथला नियम. पट्टी नसली की शून्यावर गेलेली बॅटरी पडल्या पडल्या पुन्हा जीव धरू लागते. काल नवा माल आला, पट्ट्या कमी पडल्या, म्हणून या लॉटच्या पट्ट्या काढून त्या नव्या मालाला लावल्या गेल्या. तसा हुकूम देणारा सुपरवायझर आता पिवळ्या रेघेपलीकडे कमरेवर हात ठेवून उभा होता. रेघेच्या आत यायचं तर अंगठी, घड्याळ, साखळी सगळं दारातल्या डब्यात टाकावं लागतं. तो सहसा बाहेरूनच बोलायचा.

"काय झालं, मीटरबाई?"

मीटर लावल्याशिवाय ती कशालाच शिवायची नाही, म्हणून शेडमध्ये तिचं हेच नाव पडलं होतं. सुपरवायझर तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. नोकरी त्यानेच लावलेली, आणि ती राहायलाही त्यांच्याच घरच्या मागच्या खोलीत. घरी तो भावोजी, इथे साहेब. हे पथ्य ती आजवर काटेकोर पाळत आली होती.

"पट्ट्या नाहीत, साहेब."

"काल मीटरने शून्य दाखवलं. मी स्वतः पाहिलंय. मेलेला माल आहे तो."

"कालचं झालं ते." तिने मीटरच्या दोन्ही सुया एका बॅटरीला टेकवल्या. आकडा जेमतेम हलला. दुसरीला टेकवल्या. आकडा चढत गेला आणि बऱ्याच वर जाऊन थांबला. "आजचं बघा."

त्याने बघितलं नाही. "एवढ्याने काय कुणी मरतं का? ट्रक दारात उभा आहे. आता पट्ट्या आवळून माल शांत व्हायची वाट बघायची म्हणजे उद्या उजाडेल."

"मग उजाडू दे."

तिच्या शेजारचा कारागीर खोटंखोटं खोकला. त्याला सगळे नवरदेव म्हणत. एकदा घाईत अंगठी काढायची राहिली, ती दोन टोकांच्या मध्ये आली आणि बोटावरच लालभडक झाली. अंगठी कापून काढली, बोट वाचलं, पण तिच्या जागी कातडीचं गुळगुळीत वळं कायमचं राहिलं. बायको रुसून माहेरी गेली तरी ही अंगठी काही निघत नाही, असं तो स्वतःच सांगून हसायचा. आता मात्र तो हसत नव्हता. तिने नाही म्हटलं तर पाना त्याच्या हातात जाणार होता, आणि त्याला नाही म्हणता येत नसे.

"हिच्या नादाला कुणी लागू नका," सुपरवायझरचा आवाज चढला. "काम करायचं नसेल त्याने गेटबाहेर चालू लागावं. आणि तू, घरी ताईला काय सांगणार आहेस ते आत्ताच ठरवून ठेव."

तिला ताईचा उतरलेला चेहरा दिसला, मागची खोली दिसली, खोलीत आईची वाट बघत बसलेली लेक दिसली. भीती वाटलीच. पण त्याहून जास्त संताप आला. ताईचं नाव या शेडमध्ये, चारचौघांत घ्यायचं काय कारण होतं?

"सांगेन की," ती म्हणाली. "दहाही बोटं घेऊन परत आले, असं सांगेन."

कुणीतरी फिसकन हसलं. सुपरवायझरच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या.

"एवढं कौतुक नको. मीच खोलून दाखवतो. बघा सगळ्यांनी, काय होतंय ते!"

तो तरातरा पिवळी रेघ ओलांडून आला. तिच्या टेबलावरचे रबरी मोजे त्याने ओढून घेतले, पाना जवळ सरकवला. सुपरवायझर होण्याआधी कितीतरी वर्षं तो याच टेबलावर उभा राहिलेला. हातांना वळण होतं. एका हाताने मोजे धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने त्याने बोटातली अंगठी ढकलली, फिरवून काढली, आणि ती ठेवायला जागा शोधू लागला.

सगळी शेड त्या अंगठीकडे बघत होती. नवरदेव तर डोळे फाडून बघत होता.

"मेलेल्या मालाला अंगठी कशाला काढताय, भावोजी?" ती म्हणाली. "राहू द्या की बोटात."

भावोजी ही हाक त्या शेडमध्ये पहिल्यांदाच ऐकू आली.

त्याने हाताकडे पाहिलं. अंगठी आपण कधी काढली हे त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. मोजे टेबलावर टाकून त्याने ती घाईघाईने परत बोटात सारायला घेतली.

ती वळली. नव्या मालाच्या टेबलावर सेल सुटे करून झालेल्या बॅटऱ्यांच्या पट्ट्या पडल्या होत्या, त्या तिने ओंजळीत गोळा केल्या. पहिल्या बॅटरीपाशी येऊन टेबलावरचे मोजे चढवले, एक पट्टी टोकांवर बसवली, पान्याने आवळली. दुसरी आवळली. तिसरी उचलली तेव्हा शेजारून नवरदेवाचा हात पुढे आला. तिने निम्म्या पट्ट्या त्याच्या हातावर ठेवल्या.

तिला कुणी थांबवलं नाही. सुपरवायझर तिथेच उभा होता. बोटाला घाम आला होता, आणि अंगठी पेराच्या वर काही केल्या चढत नव्हती.