टेन बॉलचा ब्रेक

मन्मथ पूलच्या टेबलावर वाकला, पांढऱ्या बॉलमागं क्यूची काठी धरली आणि परत सरळ उभा राहिला. दुसऱ्यांदा असं झालं. समोर खेळायला थांबलेला मल्लेश उगाच भिंतीकडं बघू लागला.

आता यात अवघड काय होतं, सांगा! जिंकायचंसुद्धा नव्हतं त्याला. पूलच्या तीन स्पर्धा : एट बॉल, नाइन बॉल आणि आजची टेन बॉल. पहिल्या आलेल्याला शंभर गुण, दुसऱ्याला सत्तर, पहिल्याच फेरीत गारद झालेल्याला दहा. तिन्हींची बेरीज ज्याची जास्त तो ऑल-राउंड विजेता, आणि लातूरकडून राज्याला खेळायला तोच जाणार. मन्मथनं पहिल्या दोन्ही मारल्या होत्या, झाले दोनशे. मागं मल्लेश, ऐंशीवर. त्यानं आजची जिंकली तरी एकशे ऐंशीच. म्हणजे मन्मथनं आज सपाटून मार खाल्ला तरी राज्याला तोच. फक्त खेळायला पाहिजे. तिन्ही स्पर्धांत जो उतरला नाही त्याची बेरीजच धरायची नाही, असा नियम होता. आणि भांडून हा नियम करून घेतला कुणी? मन्मथनंच. लोक आपल्या हातचा एकच खेळ खेळतात नि पळतात म्हणून.

राज्याला जायची त्याला फार हौस. दरवर्षी थोडक्यात हुकायचं आणि महिनाभर माणूस धड जेवायचा नाही.

तारीख ठरवली हॉलचा मालक हारिसनं. एक तारखेपासून हॉल अभ्यासिकेला दिलेला. कोचिंगच्या पोरांसाठी आणलेल्या खुर्च्या जिन्यात येऊन पडल्या होत्या. म्हणून शेवटची स्पर्धा आदल्या दिवशी, तीस सप्टेंबरला. हारिस पडला नांदेडचा. मन्मथ किल्लारीकडचा आहे हे त्याला ठाऊक होतं, पण त्र्याण्णवचा भूकंप याच तारखेचा, हे लक्षातच आलं नाही. मन्मथनंही तारीख बदला म्हटलं नाही. सकाळी गावाकडं भूकंपाच्या स्मारकाला फुलं वाहून तो थेट इथं आला, खेळायचं ठरवूनच आला. या तारखेला ते कधी पत्त्यालासुद्धा हात लावत नाहीत, असं त्याच्या बायकोनं आज फोनवर सांगितलं, तेव्हा कुठं हारिसला तारीख उमगली. पुढं ढकलावं तर उद्या हॉलच नव्हता.

मल्लेशनं हळूच सुचवलं, अप्पा, तुमच्या नावानं ब्रेकचा पहिला फटका मीच मारतो, कोण बघतंय. राज्याला जायची संधी त्याच्याच हातची जात होती, तरी पोरगं मनापासून बोललं. मन्मथनं मान हलवून नाही म्हटलं.

हारिस जवळ आला. "हरलात तरी चालतंय, मन्मथभाऊ. नुसता ब्रेक मारा अन् घरी जा. एका फटक्यानं कुणाचं काय बिघडून राहिलं?"

मन्मथनं क्यू टेबलावर आडवा ठेवला. कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं होतं, ते त्यानं मनगटानं पुसलं.

"त्या राती विसर्जनाहून आलो अन् आमच्या दगडी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडात कॅरम खेळत बसलो होतो, हारिसभाई. आई दोनदा बोलवाय आली. घरी चल म्हणली, झोप आता." मनगटाला लागलेलं भस्म त्यानं शर्टाला पुसलं. "म्हणलं, तू जाऊन झोप. मी येवढा बोर्ड संपवून येतो."