उलटे हेडफोन

टक्! दुपारच्या शांततेत नव्या अ‍ॅम्प्लिफायरचं बटण वाजलं आणि रेवा झोपेतून उठून बसली. ‘आई, मला पण!’

महिनाभर तिच्या झोपेच्या वेळात मी कॉम्प्युटरला जोडायला चांगले हेडफोन आणि अ‍ॅम्प्लिफायर शोधत होते; आज ते घरी आले. सतार उजवीकडून, तबला डावीकडून, अगदी वेगवेगळे ऐकू यायला हवेत, हा माझा हट्ट. सतार-तबल्याचं रेकॉर्डिंग लावून मी हेडफोन तिच्या कानांवर चढवले.

‘तबला कसा वाटतोय गं?’

‘तबला नाहीचे. नुसती सतार.’

डावी बाजू बंद! चिडून मी दुकानात फोन लावला. ‘ताई, एकदा उलटे घालून बघा,’ दुकानदार म्हणाला.

घातले. रेवा खुदकन हसली. ‘आता सतार पळाली! नुसता तबला!’

बिघाड हेडफोनमध्ये नव्हता. मी फोन ठेवला. हाकेला ओ दिली नाही म्हणून, ‘बहिरी झालीस का?’ असं ओरडत मी हिचा डावा कान कितीदा पिळला होता.

मी तो कान हलकेच हातात घेतला. तिनं डोळे घट्ट मिटले. मग एक डोळा उघडून विचारलं,

‘आई, आज पिळत का नाहीस?’