लाल शाईचं पेन

कॅल्क्युलसमध्ये नापास झालेल्या नातीकडे आजोबांनी उत्तरपत्रिका मागितली. "तुम्हाला यातलं काय कळणार?" ती फणकारली. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या आजोबांनी शाईपेन उघडून एकवीस लाल गोल काढले. "कॅल्क्युलस मला येत नाही, बाळ. पण हे अपूर्णांक आणि वजाची चिन्हं शाळेतलीच आहेत. तिथेच पाय घसरतोय तुझा." फेरपरीक्षेतही आपटली तर वर्ष जाणार होतं. कॉलेजातली पोर रोज सकाळी आजोबांनी दिलेली तसली दहा गणितं तोंड फुगवून सोडवायची. आज तिने फेरपरीक्षेची उत्तरपत्रिका आजोबांपुढे ठेवली. टोपण काढून त्यांनी ओळ न ओळ तपासली. एकही गोल पडला नाही. शेवटी "शाब्बास" लिहायला गेले, तर पेन उमटेना. "वाळलं वाटतं!" नात हसली. आजोबा कौतुकाने पेनाकडे बघत राहिले. चाळीस वर्षांत ते हातात असं उघडं, रिकामं बसून कधी वाळलं नव्हतं.