लांबत गेलेलं वाक्य

रिनाने खडू उचलला आणि दारात तिचा बाप येऊन उभा राहिला.

मोह गळायला लागला होता. पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडायचा आणि इकडे वर्गातली बाकं रिकामी व्हायची. काल इसरूचा बाप आला, इसरूला फुलं वेचायला घेऊन गेला. त्याआधी निशा गेली. गेलेली पोरं परीक्षेपुरती उगवायची. काही उगवायचीच नाहीत. आज रिनाचा बाप, लटारू, आला होता.

"बसा भाऊ. हिचं वाक्य होऊ द्या, मग बोलू," पुनम मॅडम म्हणाल्या. लटारू मागच्या बाकावर अवघडून टेकला.

मॅडमची इंग्रजी शिकवायची रीत न्यारी. वाक्य नुसतं लिहायचं नाही, काढायचं. आधी आडवी रेघ. तिच्यावर करणारा आणि त्याचं करणं. मग कुठे, कधी, कोणासोबत, हे सारं खाली तिरप्या रेघांना लटकवायचं, ज्या शब्दाचं त्याच शब्दाला. रिनाला हे चटकन उमगलं होतं. गावातली मोहाची झाडंही अशीच घरोघर वाटलेली. फूल कितीही दूर गळो, ज्या घरचं झाड त्याच घरचं ते.

तिने रेघ ओढली. 'द गर्ल वॉक्स'. मुलगी चालते. खाली एक फांदी फोडली, 'टू द स्कूल'. शाळेकडे. दिलेलं वाक्य तेवढंच होतं.

तिचा हात फळ्यावरून खाली येईना. वाक्य संपलं की बोलणं होणार. बोलणं झालं की दप्तर उचलायचं. बापाला नाही म्हणायची तिची छाती नव्हती.

तिने दुसरी फांदी काढली. 'इन द मॉर्निंग'. मग 'विथ हर फ्रेंड्स'. मग 'थ्रू द फॉरेस्ट'.

मॅडमनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बापाकडे. "बरोबर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "आणखी जोडतेस का काही?"

'अक्रॉस द रिव्हर'. फळ्यावरची मुलगी सकाळ घेऊन, सोबतिणी घेऊन, जंगलातून, नदीपार, चालतच राहिली.

"मॅडम, हे वाक्य हाय का काकडीचा येल?" प्रफुल्ल ओरडला. "आता तं जमिनीले टेकते!"

वर्ग खदखदला. रिना उकिडवी बसून लिहीत होती. मग फळा संपला. तिच्याजवळचे शब्दही संपले.

"झालं," ती पुटपुटली.

मॅडम वळल्या. "भाऊ, परीक्षा तोंडावर आली. पोरीला आत्ता नेऊ नका."

लटारू उठला. फळ्यापाशी आला. त्यातलं एकही अक्षर त्याला येत नव्हतं, तरी वरपासून खालपर्यंत त्याने सावकाश पाहिलं, शेवटच्या फांदीपर्यंत.

"न्यायले कोन आलं, मॅडम?"

रिना खडू हातात घेऊन बापाकडे वळली.

"एकट्याच्या हातानं झाडाचा मोह येचून निघत नाई. म्हून पहाटीच शेजारच्या सोमारीले झाड अर्ध्या हिश्श्यानं देऊन आलो. बुढे हासून राह्यले मले. म्हनते, आजाचं झाड दुसऱ्याच्या टोपलीत काऊन टाकलं गा?" त्याने लेकीच्या केसांवरची खडूची भुकटी झटकली. "म्हटलं, ज्याच्यासाठी देलो, थे पाहून तं याव."