केसरीनाथचा कान

केसरीनाथने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाशी दाबली आणि डोळे मिटले. इंजिन चालू होतं. कानात मात्र काही म्हणता काही नाही. त्याने दुसरा कान लावला. तोही तसलाच.

फियाटचं हे जुनं इंजिन कालच भंगारवाल्याकडून आलं होतं. गाडीत चढवण्याआधी तपासायचं म्हणून त्याने ते ट्रकच्या टायरवर ठेवलं, पेट्रोलची नळी जोडली आणि सुरू केलं. प्लग बघून झाले, ऑइल बघून झालं, सगळं ठीक. राहिला होता फक्त आवाज. आतलं बेअरिंग गेलेलं असलं की बारीक ठोका येतो, आणि तो ओळखावा केसरीनाथनेच, असं राहनाळपासून काल्हेरपर्यंत लोक म्हणत. त्या कानावरच त्याचं गॅरेज चाललं होतं.

तो कान गेला होता. गॅरेजच्या भिंतीला भिंत लागून पॉवरलूमचा कारखाना. त्याची धडधड दिवसभर जमिनीतून पायात चढायची, आणि तिनेच वर्षानुवर्षं कान कुरतडले. केसरीनाथने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. बायको, तुळजा, मागून हाका मारून थकायची आणि ह्याला माज आलाय म्हणायची. माज तर माज. बहिऱ्या मेकॅनिकच्या दारात गाडी कोण उभी करणार?

पण आज प्रश्न नुसत्या पोटाचा नव्हता. समोर गाडीचे आणि शेजारच्या पॉवरलूमचे मालक, नूरुद्दीन शेठ उभे होते. त्यांच्या बायकोला, माजिदाबींना, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला ठाण्याला न्यावं लागे. रिक्षाचे हिसके त्यांना सोसत नसत. फियाटच्या मागच्या सीटवर आडवं होऊनच त्या जायच्या. खराब इंजिन चढवलं आणि ते कंटेनरच्या रांगेत मध्येच जाम झालं, तर? ‘चांगलं आहे’ म्हणायची हिंमत नव्हती. खरं सांगायची तर त्याहून नव्हती.

मग त्याला मार्ग सुचला. शेठ स्वतः ऐकतील. कान जातात ते लूमवर उभं राहणाऱ्यांचे. शेठ म्हणजे बाहेर गादीवर बसणारा माणूस. शिवाय शेठ बोलायचे खणखणीत, अगदी पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असं. सगळ्या गिऱ्हाइकांत ज्यांचं बोलणं केसरीनाथला अजून नीट कळायचं, असे ते एकटेच उरले होते.

“शेठ, आज तुमीच ऐका. गाडी तुमची हाय. आतून ठोका येतो का न्हाय, तेवढंच सांगा.”

शेठ जरा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, वाकून मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. केसरीनाथ त्यांचा चेहरा न्याहाळत उभा राहिला. एक आठी जरी पडली असती, तरी त्याने सगळं इंजिन खोलून ठेवलं असतं. आठी पडली नाही. उलट हसू आलं.

“वा, केसरी! एकदम मखमल आहे! ठोका नाय, खरखर नाय. बिनधास्त चढव!”

केसरीनाथचा जीव भांड्यात पडला. त्याचे डोळे भरून आले. या भल्या माणसाचे पाय धरावेत असं त्याला वाटलं. आता वेळ घालवायचा नाही, आजच चढवून टाकू, असं म्हणत तो इंजिन बंद करायला पुढे झाला.

इंजिनाचा पंखा थांबलेला होता. त्याने हात लावून पाहिला, थरथर नव्हती. इंजिन बंद पडलं होतं, कधी ते त्याला कळलंच नव्हतं. शेठ मात्र डोळे मिटून, मान डोलवत अजून ऐकत होते.